भिंतीवरची मेंढरं

माझे सासरे भिंतीसमोर दोन मिनिटं उभे राहायचे आणि सांगायचे, "हितं छत्तीस बसत्यात." गिऱ्हाईक विचारायचं, छत्तीस काय? तेव्हा आमचे हे टेप गुंडाळत भलतीकडेच बघायचे. ‘मेंढरं’ असं सांगायची त्यांना लाज वाटायची.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, बारावी पास आणि तोंडाची फटकळ. लग्न होऊन शिरूरला आले ती पेंटरच्या घरात. रंगाचं काम धरायचं तर आधी घर बघायला जायचं, भिंती मोजायच्या, रंग किती लिटर लागेल, किती माणसं किती दिवस राबतील ते सगळं मांडून मालकाला आकडा द्यायचा. त्याला आमच्याकडे सगळे इस्टिमेट म्हणायचे. आमचे हे कापडी टेपनं मोजायचे, आणि सासरे, म्हणजे मामा, खांद्यावर घोंगडी टाकून मागनं नुसते फिरायचे. फिरून झालं की बाहेर पायरीवर बसून आपला आकडा सांगायचे. मी पदर तोंडाला लावून इतकी हसले होते की सासूबाईंनी मला आत पिटाळलं.

मामांची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं आणि पाऊस लागायच्या आत परत वर यायचं. वाटेत शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे. कळप रात्रभर एका जागी बसला की त्या जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य द्यायचा. मालक बांधावर उभा राहून विचारायचा, एवढं रान किती रात्रीत होईल? मामांनी नुसती नजर टाकून सांगायचं. कमी सांगितलं तर वरच्या रात्री मेंढरं फुकट बसवावी लागायची, जास्त सांगितलं तर मालक दुसऱ्याचा कळप बघायचा. म्हणजे आम्ही इस्टिमेट इस्टिमेट म्हणून जे मिरवत होतो, ते हा माणूस पोरवयापासून करत होता.

पुढे कॅनॉलचं पाणी आलं, जिकडं तिकडं ऊस झाला, चरायला रान राहिलं नाही. मामांनी कळप विकला. एकशे सत्तावीस मेंढरं होती. त्या दिवसाबद्दल ते घरात कुणाशी बोलले नाहीत, आणि कुणी विचारायची हिंमत केली नाही. पण मेंढरं काही त्यांच्या डोळ्यांतून गेली नव्हती. भिंत दिसली की मामा ती मनात आडवी पाडायचे आणि तिच्यावर कळप बसवायचे, एकेक करून, अंगाला अंग लावून.

ह्यांनी कधीतरी गंमत म्हणून हिशेब लावला होता. मामांचं एक मेंढरू म्हणजे पाच चौरस फूट. एका लिटरात दहा मेंढरं, तेही दोन हात मारून. मला वाटलं, नवी बायको आलीये म्हणून फेकताहेत. मग एकदा इनामगावच्या एका घरी मी मुद्दाम बरोबर गेले आणि कागद पेन्सिल घेऊन बसले. ह्यांनी सांगितलेल्या मापांवरनं टेपचं गणित झालं, मेंढरांना पाचानं गुणलं, आणि दोन्हीत एका मोरीएवढासुद्धा फरक निघाला नाही. खिडक्या, दारं, कोनाडे, सगळं त्या माणसानं मनातल्या मनात वजा केलं होतं. मी तोंडात बोट घातलं. ज्याला घड्याळात किती वाजले ते वाचता येत नाही, तो माणूस सबंध घर डोळ्यांनी तोलतो, ही काय साधी गोष्ट झाली?

फक्त छत त्यांना जमायचं नाही. ह्यांनी स्लॅबकडं बोट केलं की मामा मान फिरवायचे.

"वरचं तुझं तू बघ. मेंढरं काय उलटी टांगू?"

मी म्हटलं, "अहो मामा, मग खाली फरशीवर बसवा. वर तेवढंच आहे की!"

"फरशी गार असती. मेंढरू बसत न्हाई तिथं."

छत हेच टेपनं मोजायचे.

असं दोन-तीन वर्षं बरं चाललं. मग आमचे हे शिडीवरून पडले आणि पाय मोडला. चार महिने प्लास्टरमध्ये. घर बघायला जाणार कोण? मी म्हटलं, मी जाते. तसं माझं अक्षर चांगलं, हिशेब पक्का, आणि बाई माणूस म्हटल्यावर घरच्या बायका स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत सगळं उघडून दाखवायच्या. टेपची कडी भिंतीच्या कोपऱ्याला धरून मामा उभे राहायचे, दुसऱ्या टोकाला मी आकडा वाचायचे आणि लिहून घ्यायचे. पुढे पाय बरा झाला, हे कामावर जायला लागले, तरी इस्टिमेट माझ्याकडंच राहिलं. मला त्याचा केवढा ताठा होता म्हणून सांगू!

आणि तिथनंच मामांची मेंढरं चुकायला लागली.

पहिल्या घराला त्यांचा आकडा माझ्यापेक्षा बराच कमी आला. मी म्हटलं, होतं कधी कधी. दुसऱ्या घरालाही तेच. तिसऱ्या वेळी मी गिऱ्हाइकासमोरच बोलून गेले, "मामा, मेंढरं ठेवा आता बाजूला. टेप आहे ना हातात." तेव्हापासून त्यांनी आकडा सांगणंच सोडलं. घर बघून झालं की पायरीवर बसून राहायचे, आणि मी विचारलं तरच पुटपुटायचे. घरातही गप्प झाले होते. सासूबाई म्हणाल्या, वय झालं, चालायचंच. मलाही तसंच वाटलं.

त्या वर्षात चार मोठी कामं आमच्या हातनं गेली. चारही ठिकाणी एकच बोलणं ऐकलं, तुमचा आकडा लई वर हाय. मी रात्रंदिवस माझी पानं तपासायचे. बेरीज बरोबर, गुणाकार बरोबर. जी दोन लहान कामं मिळाली, त्यात रंगाचे डबे न उघडता उरले, तर मी म्हटलं, बरं झालं, माणसांनी काटकसर केली! इतकी मी शहाणी. ह्यांनी मात्र एक दिवस जेवताना सांगून टाकलं, "आता एक भांडगावचं घर बघायचं राहिलंय. तेही गेलं तर दसऱ्यापासनं मी रांजणगावला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागतो. ब्रश, शिडी, सगळं विकून टाकू." कुणावर चिडून नव्हे, अगदी शांतपणे म्हणाले. हे भिंतीवर ब्रश चालवायला लागले की बघत राहावं असा माणूस, तो मशीनपुढं आठ तास उभा राहणार, आणि ते माझ्या इस्टिमेटांपायी. मामांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतला.

भांडगावला आम्ही दोघंच गेलो, मी आणि मामा. शिरूरहून न्हावऱ्यावरनं चौफुल्याला एसटी, तिथनं दुसरी. हायवेपासून आत उसात नवा दुमजली बंगला. मालक ऊस बागायतदार, सोसायटीत वजन असलेला माणूस, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. आतनं सगळा रंग द्यायचा होता. आप्पांनी चहा दिला आणि रोखठोक सांगितलं, "पुण्याच्या एका पेंटरचा आकडा माझ्या खिशात हाय. तुमचा आत्ता द्या. दोन्ही बघतो आन् जेवायच्या आधी ठरवतो. उद्यावर ठेवायचं न्हाई."

मी कामाला लागले. मामा कडी धरून उभे, मी टेप ताणून आकडा वाचतेय, असं दोन्ही मजले झाले. जिन्यात बसून बेरीज केली. भिंतीच जवळजवळ सहा हजार चौरस फूट झाल्या. एवढ्यावर आकडा दिला की तो पुण्याच्या माणसाच्या वर जाणार हे मला कळत होतं. आणि कमी करून द्यायचा तर रंगाला पैसे कुठनं आणणार?

"मामा, तुमचं किती?" मी असंच विचारलं.

मामा पुटपुटले, "आठ कळप. आन् वर चार."

मी कागदावर मांडलं. एकशे सत्तावीस आठदा, वर चार, त्याला पाचानं गुणलं. पाच हजार शंभर. टेप म्हणतोय सहा हजार. माझं डोकंच फिरलं. मी त्यांना दिवाणखान्यात नेलं आणि समोरची कोरी भिंत दाखवली. तिला दार नव्हतं, खिडकी नव्हती.

"ह्या एका भिंतीवर किती?"

"छत्तीस."

"बेचाळीस आहेत मामा! एकोणीस फूट लांब, अकरा फूट उंच. गुणाकार करून बघा!" त्यांना गुणाकार येत नाही हे माहीत असून मी असं म्हणाले. त्याची लाज मला आजही वाटते.

पूर्वीचे मामा असते तर माझ्यावर काठी उगारली असती. ते भिंतीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "असतील बाई. बेचाळीस असतील." इतक्या हळू म्हणाले की मला पुढं भांडताच येईना.

आप्पांच्या घरच्या काकू दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, मेंढरं कसली? मग मला सगळं सांगावं लागलं. मला वाटलं आता हसतील. पण पाठीमागनं आप्पा आले होते, ते एकदम म्हणाले, "अगं, माझ्या बापाच्या वेळी ह्याच रानात मेंढरं बसायची. तो मेंढक्या बांधावर नुसता उभा ऱ्हायचा आन् सांगायचा, पाच रात्री. पाच म्हंजी पाच. बाप दोरी घिऊन मोजायचा मागनं, कवाच चुकलं न्हाई." आणि ते मामांकडं नीट बघायला लागले. मघाशी चहा देताना त्यांनी मामांना माझ्याबरोबर आलेला म्हातारा एवढंच धरलं होतं.

काकूंनी सहज म्हटलं, "भांडता कशाला गं? परत मोजा की."

"टेप तोच, भिंत तीच. परत मोजून आकडा बदलणार आहे का?" मी फणकारले. आणि बोलता बोलता माझी नजर गॅलरीत गेली. तिथं काकूंची साडी वाळत होती.

टेपवर शंका घ्यायची तर दुसरं काहीतरी माप पाहिजे, आणि साडी कुठल्या बाईला मोजून द्यावी लागत नाही. पाचवारी म्हणजे साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट, बोटभर इकडं तिकडं. मी साडी ओढून आणली. "काकू, एक टोक धरा त्या कोपऱ्याला." त्यांनी पदर धरला, मी दुसरं टोक धरून भिंतीला पाठ घासत गेले. साडी ताणली आणि माझा हात थेट कोपऱ्याला टेकला. साडी पुरली. माझा टेप त्या भिंतीला एकोणीस फूट म्हणत होता, आणि एकोणीस फुटांची पाचवारी मी जन्मात पाहिली नव्हती.

मी टेप उलगडला आणि मामांच्या हातातली कडी ओढून घेतली. वर्षभर त्यांचा अंगठा जिथं असायचा, तिथं बघितलं. कडीला लागूनच, जिथं शून्य पाहिजे, तिथं एकाचा आकडा होता. टेपचा पहिला फूटच नव्हता. कुणीतरी तो सरळ कापून कडी नव्यानं शिवली होती.

बाई गं! वर्षभर मी प्रत्येक भिंतीला लांबीत एक फूट आणि उंचीत एक फूट फुकटचा लावत होते. ज्यांच्या अंगठ्याखाली ती चूक होती त्यांना आकडा वाचता येत नव्हता, आणि जिला वाचता येत होता ती दुसऱ्या टोकाला शहाणपणा करत उभी होती.

मी तिथंच खाली बसले. आप्पा, काकू, सगळ्यांसमोर. मग पेन्सिल घेतली आणि पहिल्या खोलीपासून प्रत्येक मापातनं एकेक फूट उणा करत गेले. काकूंनी जेवणाची ताटं घेतली होती, ती तशीच राहिली. बेरीज झाली, पाच हजार एकशे वीस. मी पाचानं भागलं, मग एकशे सत्तावीसनं. आठ कळप आणि वर आठ. त्या अख्ख्या दुमजली बंगल्यात, जिने, कोपरे, दारं, खिडक्या वजा जाऊन, मामांच्यात आणि टेपात फरक होता चार मेंढरांचा.

"मामा," मी म्हटलं, "फक्त चार चुकली."

मामांनी जरा विचार केला. "चार गाभण असतील. जागा जास्त घेत्यात."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी इस्टिमेट लिहून दिलं. त्यांनी खिशातला पुण्याचा कागद काढून शेजारी धरला, चष्मा लावून दोन्ही वाचले आणि माझा कागद मामांच्या हातात दिला. "सोमवारी माणसं पाठवा, आबा. आन् रंग लागंल तवा तुम्ही सोता या."

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसून होते. सगळा राग मी घरासाठी साठवत होते.

उंबऱ्यातनंच मी टेप ह्यांच्या पुढ्यात फेकला. "हा कुणी कापला?"

हे टेपकडं बघतात, माझ्याकडं बघतात. "मीच. आपल्या लग्नाच्या आधी. टोकाला फाटला व्हता. पुरा एक फूट कापला, म्हंजी हिशेबाला सोपं. मी उणा करतोच की एक फूट."

"तुम्ही करता! मला कुणी सांगायचं?"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी वर्षं न बोलता मनातल्या मनात उणा करायची सवय, सांगायचं असतं हेच विसरून गेले होते. मी जे तोंड सोडलं ते शेजारच्या चार घरांनी ऐकलं असेल. चार कामं, अख्खं एक वर्ष, शिडी विकायला निघाले होते, कंपनीत जाणार होते! हे मान खाली घालून ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "भांडगावचं मिळालं ना?" मला हसू आलं आणि रडूही.

त्या गोंधळात मामांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ते ओट्यावर घोंगडी मांडीवर घेऊन बसले होते. जरा शांत झालं तसं त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, म्हंजी सालभर त्यो टेपच जास्त सांगत व्हता?"

"होय मामा."

"त्या चारी घरांना?"

"चारी घरांना. तुम्ही बरोबर होता आणि मी तुम्हाला गप्प बसवत होते. तुम्ही मोठ्यानं का नाही बोललात? काठी का नाही घातली माझ्या पाठीत?"

ते घोंगडीच्या दशा हातानं सारख्या करत राहिले. "तू शिकलेली. टेपवर लिवलेलं असतंय. मला वाटलं माझीच मेंढरं मनात मोठी झाली, म्हणून कमी बसत्यात. गेलेलं सारं मोठंच वाटतं माणसाला. म्हटलं, सालं गेली, आता ती मला नीट दिसंना झाली." त्यांचा आवाज फुटला. "लई भ्यालो गं. भाकरी ग्वाड लागंना. इकली तवा बी एवढा भ्यालो न्हवतो."

आम्ही सगळे वर्षभर कामं जाताहेत म्हणून घोर करत होतो, आणि हा माणूस त्याच घरात, त्याच पायरीवर बसून, आपली मेंढरं दुसऱ्यांदा हातची जाताना बघत होता. मी त्यांच्या पायाशी बसले.

"मामा, कशी होती ती? मला सांगा."

इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. त्यांनी समोरच्या आमच्याच भिंतीकडं बघितलं आणि डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. ही पुढं चालणारी, हिचा एक कान काळा. ही तिची लेक, कोकणात पावसात जन्मलेली. हा बांडा, ह्यो चौफुल्याला ट्रकखाली येता येता वाचला. ही लंगडी, हिला नदी उतरताना खांद्यावर घ्यायला लागायची. एकेक करून ते बसवत गेले. हे दारात येऊन उभे राहिले, सासूबाई चूल तशीच टाकून बाहेर आल्या. दिवेलागणीची वेळ झाली तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. मी पदराआड बोटांवर मोजत होते, वीस झाली की एक खडा बाजूला ठेवत होते.

शेवटचं एक पांढरं कोकरू त्यांनी उजव्या कोपऱ्यात, आईच्या पोटाशी बसवलं आणि गप्प झाले. मी खडे मोजले. सहा खडे होते आणि वर सात बोटं. एकशे सत्तावीस.